गंजलेल्या कोयत्याची पंच

"हा तो कोयता नाय," मी म्हटलं.

सरकारी वकिलाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या ताटात थुंकले. त्याच्यासमोर टेबलावर खाकी कागद उघडा पडला होता, बाजूला लाखेच्या शिक्क्याचे तुकडे, आणि मधोमध एक लोखंड. तांबडं, पापुद्रे सुटलेलं, मुठीपाशी कुजलेलं. गटार उपसताना वर येतं तसं.

"आजी, नीट बघून सांगा," तो म्हणाला.

"बघितलं. हा नाय."

ज्या पोरीचा हा खटला, तिचा नवरा आरोपीच्या कठड्यात उभा होता. तो हसला नाही. पण त्याचे खांदे खाली आले, पोतं टाकल्यावर हमालाचे येतात तसे. हमालच होता तो, बोईसरला ट्रक भरायचा. त्याचा वकील मात्र तोंड लपवायच्या भानगडीत पडला नाही. खुर्चीत मागे रेलला आणि पेनाला टोपण लावलं.

मागच्या बाकावर पोर बसली होती. पोर म्हणजे त्या नवऱ्याची बायको. याच कोयत्याने त्याने तिला तोडलं होतं, असा खटला होता. ती रडली नाही. तिने फक्त दाराकडे बघितलं, इथून बाहेर जायला किती पावलं पडतील ते बघावं तसं. तो सुटला तर काय होणार, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आधीच्या तारखेला त्यानेच व्हरांड्यात सांगितलं होतं, हाताला बेडी असताना, तिच्या तोंडावर: "सुटू दे मला. उरलेलं काम पुरं करतो."

आणि आता मी त्याला सोडवत होते. कोणी शिकवलं नव्हतं, पैसे दिले नव्हते. मी खरं बोलत होते, हीच पंचाईत होती.

मी पंच कशी झाले ते सांगते. त्यात माझी हुशारी काही नाही, माझे गुडघे आहेत.

मी खाडीकाठच्या मुरब्याची. चाळीसेक वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकते. पोर माझ्या समोरच्या ओळीत बसायची. ती मासळी विकायची नाही, गिऱ्हाइकांची साफ करून द्यायची. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. भात कापून झालं की त्यांच्याकडची माणसं कामाला खाली उतरतात, तशी ती आली, लग्न करून इथेच राहिली. मला ती फार आवडायची असं नाही. कोळंबी सोलताना अर्धं मांस सालीबरोबर टाकायची. मी तिला शिव्या घालायचे, ती हसायची. एवढीच आमची ओळख.

नवऱ्याला तिचं बाजारात बसणं खपत नव्हतं. तिने आणलेले पैसे मात्र खपत होते. एका सकाळी ती बाजाराला निघाली, त्याने दार अडवलं, तिने त्याला बाजूला केलं, आणि तिच्याच पाटीतला कोयता घेऊन त्याने तिच्यावर घातला. मानेवर यायचा तो घाव तिने हातावर घेतला. मग दुसरा डोक्यावर बसला. शेजारच्या बाया ओरडत आल्या तसा तो पळाला. हे सगळं मी नंतर ऐकलं. मी तेव्हा बाजारात पापलेट मांडत होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस त्याला धरून बाजारामागच्या चाळीत घेऊन आले. तो म्हणाला होता, कोयता कुठे लपवला ते दाखवतो. अशा वेळी पोलिसांना दोन परकी माणसं लागतात, डोळ्यांनी बघायला आणि कागदावर सही करायला. त्यांना पंच म्हणतात. गावचे पंच वेगळे, ते खुर्चीत बसतात. हे पंच उभे राहतात.

पोलीस बाजारात शिरला आणि म्हणाला, "दोन पंच पायजेत." मी एवढा भरलेला बाजार एवढ्या लवकर रिकामा झालेला कधी बघितला नाही. टोपलीभर जिवंत खेकडे सोडले असते तरी एवढी पळापळ झाली नसती. ज्याला कधी कोणाचा फोन येत नाही तो सुकटवाला मोबाईल कानाला लावून निघून गेला. माझी भावजय बाजूलाच बसायची, तिला नेमकं तेव्हा पोटात दुखायला लागलं.

"अम्मा, मत जाना," माझं एक गिऱ्हाईक कारखान्यातला कामगार होता, तो हळूच म्हणाला. "फँस जाओगी." आणि मी दिलेले बोंबील तिथेच टाकून तो पण गेला.

मला पळायचं होतं. पण मांडी घालून बसले की मला उठायला दोन माणसं लागतात. तोवर पोलीस समोर.

"मावशी, लिहिता-वाचता येतं?"

"चौथी पास."

"चला मग."

"आणि ही मासळी कोण बघणार, तुझी आई?"

"पाच मिनिटांचं काम हाय."

पाच मिनिटांचं काम तीन वर्षं चाललं.

दुसरा पंच चहावाला. त्याला पळता आलं असतं, पण स्टोव्हवर दूध होतं. दूध उतू जाईल म्हणून थांबला आणि सापडला.

चाळीच्या मागे नाल्याच्या कडेला फुटक्या कौलांचा ढीग होता. नवरा पुढे, त्याच्यामागे पोलीस, मग आम्ही दोघं, आणि आमच्यामागे अख्खी चाळ. त्याने कौलं सरकवली आणि गोणपाटात गुंडाळलेला कोयता काढून दिला. पोलिसांचा साहेब म्हणाला, "पंच, बघून घ्या." मी बघितलं. रक्त वाळून काळं झालं होतं, पण खालचं पातं लखलखीत. मी हात पुढे केला तर साहेब खेकसला, "हात लावायचा नाही!" जणू मी त्याच्या ताटातली तुकडी उचलत होते.

मग पोलिसाने पिंपावर कागद ठेवून पंचनामा लिहिला. लिहून झाल्यावर मला म्हणाला, "इथे सही करा."

"वाचते आधी."

"आजी, मी वाचून दाखवतो ना."

"तू वाचशील ते तू लिहिलेलं. मी वाचीन ते कागदावरचं."

चहावाल्याने न बघता सही ठोकली आणि पळाला, दूध आटलं म्हणून. मी वाचायला बसले. मी एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचते. साहेब दोनदा गाडीत बसून परत उतरला. दोन ठिकाणी मी लिहिणाऱ्या पोलिसाला जास्तीचं लिहायला लावलं, तेव्हा तो म्हणाला, "आजी, तुमी पीआय व्हायला पायजे होतात." मी म्हटलं, "झाले असते, पण मला झोपून पगार घ्यायची सवय नाय." मग सही केली. बाजारात परत गेले तर अर्ध्या पापलेटांचे डोळे बसले होते. दिवस गेला.

मला वाटलं, संपलं.

वर्ष उलटल्यावर पोलीस घरी समन्स घेऊन आला. सून घाबरली, म्हणाली, "आई, तुमी काय केलंत?" मी म्हटलं, "सही." शेजारणी जमल्या. एकीने विचारलं, जामीन कोण राहणार. दुसरीने माझ्यासाठी देवीला नारळ बोलला, आणि लगेच म्हणाली, "नारळाचे पैसे तूच दे."

कोर्ट पालघरला. मुरब्याहून आम्ही तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडून सातपाटीला उतरतो आणि तिथून एसटी धरतो. होडी पाणी असेल तशी चालते. समन्सवर अकरा वाजता हजर राहा असं छापलेलं असतं. भरती कधी आहे ते छापलेलं नसतं. मी पहिल्या तारखेला चिखलातून पाय काढत काढत, गुडघ्यापर्यंत बरबटून, अकराला पाच कमी असताना पोचले. वकील आजारी होता. पुढची तारीख. दुसऱ्या खेपेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या खेपेला आरोपीला आणायला गाडी नव्हती. चौथ्या खेपेला सगळे होते, पण आमच्या आधीच्या खटल्यात दोन भाऊ एका आंब्याच्या झाडावरून संध्याकाळपर्यंत भांडले. त्या आंब्याला फळ तरी धरतं का, असं मी विचारलं तर शिपायाने मला बाहेर काढलं.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी बऱ्याच गोष्टी शिकले. पुकारा झाल्यावर धावायचं नाही, ते तीनदा हाक मारतात. वकिलांना विचारायचं नाही, त्यांनाही माहीत नसतं. आणि डबा आणायचा, पण सुकी मासळी आणायची नाही. मी एकदा भाजलेले सुके बोंबील उघडले तर एक वकीलबाई नाकाला रुमाल लावून उठली. तिच्या पलीकडच्या म्हाताऱ्या वकिलाने मात्र दोन मागून घेतले.

त्याच म्हाताऱ्याने मला सांगितलं की पूर्वी मुंबईत वगैरे तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसं बोलावून कोर्टात बसवायचे. ज्युरी म्हणायचे. त्यांनीच ठरवायचं, गुन्हा केला की नाही. पुढे ते बंद केलं.

"का बंद केलं?"

"लोक भलत्या गोष्टींनी बहकतात म्हणून."

"आणि शिकलेले बहकत नाय?"

तो बोंबील चावत राहिला. मी म्हटलं, आमच्या बाजारातल्या बारा कोळणी बसवा. ओहोटी लागायच्या आत निकाल लावून घरी जातील. तो म्हणाला, "हो, आणि आरोपीसकट वकिलालाही आत टाकतील." ते मात्र खरं.

चहावाल्याची साक्ष माझ्याआधी झाली. त्याने आत जाऊन सांगितलं, मला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. फितूर झाला. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "अरे, कोरा होता का तो कागद? माझ्या डोळ्यांदेखत लिहिलेला होता."

"मावशी, त्याचे भाऊ रोज माझ्याकडे चहाला येतात," तो म्हणाला. "तुमी मुरब्याला जाता. मी तिथेच ऱ्हातो."

मी त्याला शिवी देणार होते. दिली नाही. भ्यायलेल्या माणसाला शिवी लागत नाही, वाया जाते.

म्हणजे आता मीच उरले होते. पोरीने आपली साक्ष दिली होती, पण तिला उलटतपासात त्या वकिलाने घोळात घेतलं होतं: अंधार होता की उजेड, आधी कोण बोललं, तू आधी कोयता उचललास का. शेजारच्या बायांनी धावत येऊन फक्त रक्त बघितलं होतं. त्याच्या हातात कोयता कोणी बघितला नव्हता. सरकारी वकिलाने मला सकाळी पंचनामा वाचून दाखवला, असा भराभर की मला त्यातला 'सदर' तेवढा कळला. मग म्हणाला, "आजी, सगळं तुमच्यावर आहे. काही घाबरू नका. कोयता दाखवतील, हो म्हणायचं."

आणि कागदातून निघाला तो हा तांबडा तुकडा.

आता माझी चूक सांगते. ती फक्त आमच्यातली बाईच करील. आमच्या घरात कोयता गंजत नाही. खाऱ्या हवेत लोखंड एका दिवसात गंज धरतं, म्हणून दिवस संपला की आधी कोयता धुवायचा, पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, मग स्वतः जेवायचं. माझ्या सासूने मला पहिल्या दिवशी पोरगं कसं धरायचं ते शिकवलं नाही, कोयता कसा पुसायचा ते शिकवलं. मी जन्मात माझ्या ओळखीचा कोयता गंजलेला बघितला नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात तो लख्खच होता. तीन वर्षं कागदात बांधून ठेवलेल्या लोखंडाचं काय होतं, याचा मी विचारच केला नव्हता.

सरकारी वकील उठून म्हणाला की साक्षीदार फितूर झाली, मला तिला उलट प्रश्न विचारायची परवानगी द्या.

तो शब्द मला लागला. चहावाल्याच्या ओळीत मला बसवत होते.

"कोण फितूर?" मी म्हटलं. "मी खरं बोलते!"

वर न्यायाधीश मॅडम होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आजी, हा कोयता तो नाही असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"मॅडम, तो चकचकीत होता. हा गंजलाय. असा कोयता कोणी बाई पाटीत ठेवणार नाय."

"तीन वर्षं झाली ना."

"मग तेल कोणी नाय लावलं?"

कोणीतरी हसलं. मी खरंच विचारत होते. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तेल लावायची पद्धत नाही. होता तसा ठेवतात."

"होता तसा कुठे ठेवलाय? होता तसा असता तर मी लगेच ओळखला नसता?"

नवऱ्याचा वकील उठला. म्हणाला, साक्षीदाराने दोनदा नाही म्हटलं आहे, ते लिहून घ्यावं. मॅडमनी ते लिहायला सांगितलं. टाइप करणारी बाई लिहायला लागली. माझं 'नाय' तिने 'नाही' करून लिहिलं, ते टकटक मला ऐकू आलं. मग मॅडमनी मला विचारलं, "हातात घेऊन बघायचा आहे का?"

तीन वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं. पोलिसाने हात लावू दिला नव्हता. सरकारी वकिलाने लांबून दाखवला होता.

शिपायाने तो माझ्या हातात दिला. मी आधी धार बघितली. धारेवर काही कळेना, सगळा गंज. मग उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ सपाट नव्हती. ठेचून ठेचून वेडीवाकडी झाली होती, खळगे पडलेले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मेली, दगडाने ठोकायची!"

"काय म्हणालात?" मॅडम.

मग मी सांगितलं. घोळ किंवा सुरमई कापायची तर कोयता माशावर ठेवतात आणि वरून लाकडाच्या दांडक्याने ठोकतात. लोखंडाला लाकूडच लागतं. ही डोंगरातली, हिला कोणी शिकवलं नव्हतं, ही दगड घ्यायची. मी तिला रोज सांगायचे, पाठ फुटेल, कोयता जाईल. ती म्हणायची, "आजी, दांडका तुमी देता का?" मी काही दिला नाही. आमच्या अख्ख्या बाजारात असा ठेचलेला कोयता दुसरा नव्हता. पंचनाम्याच्या दिवशी मी तेच लिहायला लावलं होतं, आणि तो पोलीस वैतागला होता.

सरकारी वकिलाने कागद चाळले. बोट ठेवलं. वाचलं, या वेळी हळू: पात्याच्या पाठीवर दगडाने ठोकल्याच्या खुणा आहेत.

"हाच तो कोयता," मी म्हटलं. "माझं आधी चुकलं."

नवऱ्याचा वकील सोडणार थोडाच. त्याने पेनाचं टोपण परत काढलं.

"म्हणजे आजी, तुम्ही शपथ घेऊन खोटं बोललात."

"खोटं नाय, चुकीचं."

"पहिलं खरं की दुसरं?"

"दुसरं."

"पाच मिनिटांत खरं बदललं?"

"पाच मिनिटांत हातात मिळाला. तुमी लांबून दाखवलेला मासा विकत घेता का? गालफडं उघडून बघता ना?"

"तुम्ही पीडितेला ओळखता. तिला वाचवायला बोलताय."

"ओळखते. कोळंबी वाईट सोलते. तिला वाचवायचं असतं तर पहिल्यांदाच हो म्हटलं असतं. हो म्हणायला मला सकाळी सांगितलंच होतं."

इथे सरकारी वकिलाने कपाळाला हात लावला. मॅडमनी चष्मा काढून पुसला. माझं तेही बोलणं लिहून घेतलं.

नवऱ्याच्या वकिलाने अजून पाऊण तास घेतला. मला दिसतं किती, चौथीत नापास झाले होते का, पोलीस माझ्याकडून फुकट मासळी नेतात का. पहिल्याला मी त्याच्या डगल्यावरचा डाग दाखवला. दुसऱ्याला सांगितलं, एकदा. तिसऱ्याला सांगितलं, नेतात, पण बांगडे नेतात, पापलेट मी देत नाही. शेवटी तो बसला. मी कठड्यातून उतरले आणि बाहेर आले.

व्हरांड्यात पोर आली. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, पाया पडेल, मला ते आवडत नाही. ती म्हणाली, "आजी, आधी नाय का म्हटलात? माझा जीव गेला होता."

"माझं चुकलं."

"माझा कोयता मी रोज पुसायची," ती म्हणाली. "तुमी बघितलंय."

"बघितलंय," मी म्हटलं. मग ती एका बाजूला गेली, मी एका बाजूला. तरीची वेळ झाली होती.

निकाल लागला त्या दिवशी मी गेले नाही. समन्स नव्हतं आणि बाजार चांगला होता. सुकटवाल्याने येऊन सांगितलं. तोच, जो मोबाईल कानाला लावून पळाला होता. आता तो सगळ्यांना असं सांगत होता जसा काही तो कठड्यात उभा होता. नवऱ्याला शिक्षा झाली. निकालात माझ्यावर म्हणे एक पान आहे. मॅडमनी लिहिलंय की ही साक्षीदार आधी चुकली, आणि स्वतःची चूक तिने स्वतः दुरुस्त केली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवावा. मला कोणी ते पान दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी वाचलं असतं, वेळ लागला असता.

पोर बाजारात परत आली नाही. ती मनोरला एका खानावळीत भाकऱ्या करते. डाव्या हाताची दोन बोटं गेली, डोक्यात टाके आहेत, तिथे केस येत नाहीत. भाकरी उजव्या हाताने थापते आणि डाव्या पंजाने फिरवते. गेल्या महिन्यात मी तिकडून जाताना खाल्ली. जाड होती.

ती जिवंत आहे.